सूत्राआधी खोडरबर: सातवीला संभाव्यता शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या मराठी शाळेत सातवीचा वर्ग, ५६ मुलं, ३५ मिनिटांचा तास आणि संभाव्यतेची ओळख करून द्यायला सहा तास. 'अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती' हे सूत्र मुलं दोन दिवसांत पाठ करतात, नाण्याची आणि फाशाची गणितंही बरोबर सोडवतात. पण 'उद्या पाऊस पडण्याची संभाव्यता किती?' असं विचारलं की अर्धा वर्ग लिहितो, 'पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे १/२.' चुकतं कुठे आणि सुरुवात कशी करावी?

सूत्र चुकलेलं नाही. जे सूत्राच्या आधी यायला हवं होतं ते राहून गेलं आहे. हे सूत्र एका अटीवर चालतं: सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे प्रत्येक येण्याचा संभव सारखाच, अशा हव्यात. मुलांना पहिली दहा उदाहरणं मिळतात ती नाण्याची आणि फाशाची, आणि तिथे ही अट न सांगता पाळलेली असते. जी अट कधी मोडलेली पाहिलीच नाही, ती अट आहे हे मुलाला कळावं तरी कसं? त्याच्या मनात एवढंच बसतं की निष्पत्ती मोजायच्या आणि एकला त्या संख्येने भागायचं. पावसाच्या दोन निष्पत्ती, म्हणून १/२. त्याच्या हिशेबाने तो बरोबरच आहे. म्हणून माझं सांगणं असं की पहिल्याच तासाला अट मोडणारी वस्तू मुलांच्या हातात द्या, आणि सहाही तास प्रत्येक अपूर्णांकाआधी एकच प्रश्न विचारा: 'सगळं सारखंच येईल का?'

ही वस्तू प्रत्येकाच्या कंपासपेटीत असते. खोडरबर.

नव्यासारखा, कडा न झिजलेला, साधारण ४ सेंटीमीटर लांब, २ रुंद आणि १ जाड असा खोडरबर घ्या. सहा बाजूंवर पेनाने १ ते ६ लिहायला सांगा. १ आणि ६ मोठ्या पसरट बाजूंवर, २ आणि ५ लांबट पट्ट्यांवर, ३ आणि ४ टोकाच्या छोट्या बाजूंवर. आकडे सगळ्यांनी याच क्रमाने लिहायला हवेत, नाहीतर वर्गाची एकत्र बेरीज करता येत नाही. टाकण्याआधी विचारा, '३ पडण्याची संभाव्यता किती?' बाजू सहा, म्हणून बरीच मुलं १/६ म्हणतील. ते फळ्यावर लिहून ठेवा, चूक म्हणू नका. मग बाकावरच्या प्रत्येक जोडीने ३० वेळा टाकायचं. रबर उसळतो, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात टाका, आणि पट्टीच्या उंचीवरून म्हणजे ३० सेंटीमीटरवरून टाका. अगदी खालून अलगद सोडला तर तो हातात जसा धरला होता तसाच बसतो आणि प्रयोगच होत नाही. २८ जोड्यांची मिळून ८४० दानं होतात. बेरीज फळ्यावर आली की बहुतेक दानं १ आणि ६ ने खाल्लेली दिसतील, ३ आणि ४ क्वचितच. फळ्यावरचं १/६ तिथेच असतं. आता ते का फसलं हे मुलांनाच सांगू द्या. सातवीतली मुलं 'ती बाजू मोठी आहे ना' हे नक्की सांगतात, आणि त्यांच्या तोंडून ते येणं आपण सांगण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

दुसऱ्या दिवशी तेच ३० टाक लुडोच्या फाशाने. ८४० टाकांत प्रत्येक आकडा साधारण १४० वेळा अपेक्षित आहे. प्रत्यक्षात आकडे १२० ते १६० च्या दरम्यान विखुरतात आणि एखादा किंचित बाहेरही जातो. त्यात काही बिघडलेलं नसतं. याच वेळी एक जुना समज निघतो: 'सहा लवकर पडत नाही.' लुडोत सोंगटी बाहेर काढायला सहाच लागतो, म्हणून मूल त्याचीच वाट पाहतं, आणि न पडलेला प्रत्येक टाक त्याला आठवतो. दोनची कोणी वाट पाहत नाही. सहा टाकांत एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के. तीनातल्या एका वेळी असं होणारच. सातवीला हा घात करून दाखवायची गरज नाही. ८४० मधले सहा किती, पाच किती, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की पुरतं.

शब्दांकडे थोडं लक्ष द्या, कारण निम्मा गोंधळ मराठी बोलण्यातून येतो. आपण 'शक्यता आहे' किंवा 'शक्यता नाही' असं म्हणतो, म्हणजे कप्पे दोनच. 'शक्य' हा शब्द होय-नाहीचा आहे, 'संभाव्यता' हा मापाचा. लांबी किती, वजन किती, तशी संभाव्यता किती, हे मुलाला पहिल्यांदाच ऐकू येत असतं. वर्गात आडवी सुतळी बांधा, एका टोकाला ०, दुसऱ्याला १, आणि कपड्याच्या चिमट्यांनी वाक्यांच्या चिठ्ठ्या लावायला सांगा: 'फासा टाकल्यावर ७ पडेल.' 'नाणं उडवल्यावर छापा येईल.' 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असेल.' 'मे महिन्यात एखाद्या दुपारी नागपुरात पारा ४० च्या वर जाईल.' 'रविवारी संध्याकाळी बर्डीच्या बाजारात गर्दी नसेल.' पारा ४० च्या वर जाणार हे मुलं थेट १ वर लावतात. मग विचारा, तान्ह्या पोळ्याइतकंच पक्कं का? सण पंचांगात ठरलेला आहे, पारा ठरलेला नाही. 'हमखास' आणि 'निश्चित' यांतला फरक इथे बोटभर सुतळीवर दिसतो. या कामाला १५ मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वाढवलं तर मुलं नुसती वाद घालत बसतात.

नाण्याचा तास मात्र पूर्ण द्या, कारण सगळ्यात हट्टी गैरसमज इथेच राहतात. आधी नियम ठरवा: सिंहमुद्रेची बाजू छापा, अंकाची बाजू काटा. हे दोन जोड्यांनी उलट धरलं की बेरीज गेली. नाणं बाकावर भोवऱ्यासारखं फिरवू देऊ नका. फिरवलेल्या नाण्यात कडेचा आणि वजनाच्या वाटणीचा परिणाम होऊ शकतो. स्टीलच्या डब्यात हलवलं तर शेजारच्या वर्गाचा तास बुडतो. वहीचं खोकं, त्यात घडी घातलेला रुमाल, त्यावर टाकायचं, म्हणजे आवाजही नाही आणि नाणं बाकाखाली घरंगळतही नाही.

टाकण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा: २० वेळा उडवलं तर छापा किती? अंदाज पेनाने, खोडायचा नाही. ही एक सवय लावली तर बाकी बरंच आपोआप होतं. ज्याने आधी काही म्हटलंच नाही, त्याला निकाल पाहून आश्चर्य वाटायला जागाच उरत नाही. मुलांना गोष्ट हवी असेल तर आपल्या विदर्भाचीच आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघालेला असतो, सारथी म्हणून वेषांतर केलेला नळ. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे पाहून पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नळ ऐकून गप्प बसत नाही, झाड पाडून मोजून खात्री करून घेतो. फाशांची विद्या आणि मोजणीची विद्या ऋतुपर्णाने एकत्रच जाणलेली आहे, आणि जुन्या काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत, हेही सांगण्याजोगं. आधी अंदाज, मग मोजणी, असाच क्रम वर्गातही ठेवायचा आहे.

आता आकडे. २० टाकांत बहुतेक मुलं '१०' असा अंदाज लिहितील. नेमके १० छापे येण्याची संभाव्यता सुमारे १७.६ टक्के आहे, म्हणजे २८ जोड्यांपैकी साधारण पाचच जोड्यांना १० मिळतात. बाकीच्यांना वाटतं की आपलं काही चुकलं, आणि काही जण गुपचूप आकडा १० करून टाकतात. ते होऊ नये म्हणून आधीच सांगा की ६ ते १४ पर्यंत काहीही येऊ शकतं. ६ पेक्षा कमी किंवा १४ पेक्षा जास्त येण्याची संभाव्यता ४ टक्के आहे, म्हणजे तुमच्या वर्गात अशी सरासरी एक जोडी निघते. मग सगळ्यांची बेरीज करा: ५६० टाक, अपेक्षा २८०. शंभरातल्या ९५ वेळा हा आकडा २५६ ते ३०४ मध्ये, म्हणजे सुमारे ४६ ते ५४ टक्क्यांत येतो. जोड्यांचे निकाल ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत पसरलेले, आणि वर्गाचा निकाल निम्म्याजवळ गोळा झालेला. फळ्यावर एकेका जोडीची बेरीज मिळवत जा आणि दर वेळी चालू अपूर्णांकाचा बिंदू आलेखावर मांडा. सुरुवातीला रेषा उड्या मारते, मग शांत होते. हा आलेख तयार छापून देऊ नका, वर्गात मांडा. रेषा हळूहळू बसताना पाहणं हाच धडा आहे.

इथे कोणी ना कोणी म्हणणारच, 'मॅडम, चारदा छापा आला, आता तं काटाच येते.' याला नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. दोन गोष्टी करा. एक, मागल्या रात्रीच्या गृहपाठात नाणं न उडवता मनाने २० निष्पत्तींची ओळ लिहून आणायला सांगा, आणि वर्गात खऱ्या २० निष्पत्तींची ओळ तिच्याखाली लिहा. खऱ्या ओळीत लागोपाठ चार किंवा जास्त सारख्या निष्पत्ती येण्याची संभाव्यता सुमारे ७७ टक्के आहे, पाच किंवा जास्तची ४६ टक्के. २८ पैकी वीस-बावीस जोड्यांना चारची सलग रांग दिसेल. मनाने लिहिलेल्या ओळींत अशी रांग फार कमी वेळा असते, कारण हात आपोआप बदलतो. या फरकावरून खरी ओळ कोणती ते मुलं स्वतःच ओळखू लागतात. दुसरी गोष्ट, भरपाईची समजूत. समजा पहिले चार छापे आले आणि पुढच्या ९६ टाकांत अगदी निम्मेनिम्मे, ४८ छापे आले. एकूण ५२, म्हणजे ५२ टक्के. पुढे १००० टाकांपर्यंत निम्मेनिम्मेच चाललं तर ५०२, म्हणजे ५०.२ टक्के. ते जास्तीचे दोन छापे कोणी परत घेतले नाहीत. चिमूटभर मीठ वाटीत जाणवतं, हंड्यात जाणवत नाही, तसंच हे. मोठमोठ्या अभ्यासकांनीही हे करून पाहिलं आहे: फ्रान्समधल्या ब्यूफाँच्या ४०४० टाकांत २०४८ छापे, कार्ल पिअरसन यांच्या २४००० टाकांत १२०१२, आणि दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असलेल्या केरिच यांच्या १०००० टाकांत ५०६७. नेमकं निम्मं कोणालाच मिळालं नाही, हे मुलांना आवर्जून दाखवा.

यापुढे एक टप्पा बरेच शिक्षक गाळतात, आणि मला तो सगळ्यात आवडतो: जिथे विचार करून उत्तर सापडतच नाही. चिंचोका घ्या, एक बाजू खरखरीत फरशीवर घासून पांढरी करा. पांढरी बाजू वर पडण्याची संभाव्यता किती? सूत्राला इथे धरायला काही नाही. टाकून पाहणं एवढाच रस्ता. प्रत्येक जोडीने १०० वेळा टाकावं. पण वर्गाची बेरीज इथे करू नका. नाणी आपण एकसारखी धरतो म्हणून मिसळता येतात, चिंचोके प्रत्येकाचे वेगळे. एकाचा जास्त घासलेला, एकाचा फुगीर. प्रत्येक जोडीने 'आमच्या चिंचोक्यासाठी सुमारे अमुक' असं लिहायचं, आणि १०० टाकांवरून काढलेल्या उत्तरात १० टक्क्यांपर्यंत चूक इकडे-तिकडे असू शकते हे सोबत लिहायचं. सातवीच्या मुलाने 'सुमारे' हा शब्द समजून लिहिणं ही छोटी गोष्ट नाही.

याच विचाराचं दुसरं रूप म्हणजे बंद बाटली. थंड पेयाची अर्ध्या लिटरची बाटली घ्या, तोंडाची आतली रुंदी २१-२२ मिलिमीटर असते. त्यात १६ मिलिमीटरचे, अगदी एकाच मापाचे १० कंचे (गोट्या) टाका: ६ लाल, ३ हिरवे, १ निळा. झाकण घट्ट लावा, मान सोडून बाकी बाटलीला कागद गुंडाळा. हलवून उलटी केली की मानेत सगळ्यात खाली एक कंचा दिसतो. तो नोंदवायचा, पुन्हा हलवायचं. माप सारखं नसेल तर लहान कंचा वारंवार मानेत येतो आणि प्रयोग बिघडतो. मुलांना फक्त 'एकूण १०' एवढं सांगा. २० वेळा पाहिलं तर निळा एकदाही न दिसण्याची संभाव्यता १२ टक्के आहे. सहा बाटल्या असतील तर एखादा गट 'यात दोनच रंग आहेत' असं ठामपणे सांगू शकतो. ५० वेळा पाहिलं तर ही संभाव्यता अर्ध्या टक्क्यावर येते. जास्त वेळा पाहण्याचा फायदा इतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. शेवटी बाटल्या उघडा, पण एक तशीच बंद ठेवा. जगात बहुतेक बाटल्या उघडत नाहीत, हे त्यांना कुठेतरी कळू द्या.

आता दोन वस्तूंचं. दोन नाणी उडवली तर 'दोन छापे, दोन काटे, एक-एक' अशा तीन निष्पत्ती, म्हणून प्रत्येकी १/३, असं मूल लिहितं. त्याला रागावण्याआधी हे लक्षात घ्या की फ्रेंच गणिती दालांबेरने १७५४ साली विश्वकोशातल्या लेखात याच जातीची चूक केली: दोन टाकांत निदान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४ ऐवजी २/३ सांगितली. उपाय सोपा आहे. एक रुपयाचं आणि पाच रुपयांचं अशी वेगळी नाणी वापरा. 'रुपयाचा छापा, पाचाचा काटा' आणि 'रुपयाचा काटा, पाचाचा छापा' हे दोन वेगळे दिसतात, आणि नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या निष्पत्तींच्या यादीत, चार घटक येतात. मग ४०० टाकांची बेरीज करा. १००, २००, १०० च्या आसपास आकडे आले की वाद मिटतो.

दोन फाशांच्या बेरजेसाठी नंदीची शर्यत घ्या. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घरोघरी असतात. नसतील तर बाटलीची झाकणं चालतात. १ ते १२ क्रमांक द्या, खडूने जमिनीवर १० घरांचा रस्ता काढा, ११-१२ मुलांचे पाच गट करा. प्रत्येकाने एक नंदी निवडायचा, एक लाल आणि एक पांढरा फासा टाकायचा, बेरजेचा नंदी एक घर पुढे. एखादी शर्यत साधारण ४०-५० टाकांत संपते. चारपाच मिनिटांतच '१' वाल्याचा आवाज येतो, 'माझा नंदी तं हालूनच नाही राहिला!' काहून, ते त्यालाच शोधू द्या. अशक्य घटना इतक्या जिव्हाळ्याने कोणी शिकत नाही. एकच शर्यत घेऊन '७ जिंकतो' सिद्ध करायला जाऊ नका. ६ किंवा ८ जिंकणं अगदी नेहमीचं आहे. पाच गटांच्या दोन-दोन शर्यती घ्या, आणि दुसऱ्या वेळी निवड बदलू द्या. तेव्हा ७ साठी भांडण होतं.

मग ६ गुणिले ६ ची सारणी. इथेच ती चूक पुन्हा येते: (३,४) आणि (४,३) एकच धरले की ३६ ऐवजी २१ निष्पत्ती होतात, आणि ६, ७, ८ तिन्ही बेरजा तीन-तीन प्रकारे येतात, बरोबरीत. फासे दोन रंगांचे असतील तर ही चूक निम्म्याने कमी होते. तरीही वाद राहिला तर ६ आणि ७ ची तुलना करत बसू नका. ३६० टाकांत ५० आणि ६० अपेक्षित, हा फरक नशिबात झाकला जाऊ शकतो. २ आणि ३ ची तुलना करा. मुलाच्या हिशेबाने दोन्ही एकेका प्रकारे येतात, म्हणजे बरोबरीत. खऱ्या हिशेबाने ३ दुप्पट: ३६० टाकांत २ दहा वेळा, ३ वीस वेळा. हा फरक डोळ्यांत भरतो.

अपूर्णांक कच्चे असलेल्या मुलांसाठी एक छोटी तपासणी आधीच घ्या. पहिल्या पिशवीत २ लाल, ३ पांढरे कंचे. दुसरीत ४ लाल, ७ पांढरे. लाल हवा असेल तर पिशवी कोणती? 'दुसरी, तिथे लाल जास्त' म्हणणारं मूल संभाव्यतेत चुकत नाही, अपूर्णांकांच्या तुलनेत चुकतं. २/५ म्हणजे २२/५५, ४/११ म्हणजे २०/५५. हे आधी दुरुस्त झालं नाही तर पुढचा सगळा खेळ त्याच्यासाठी नुसता गोंगाट आहे. चिठ्ठ्या किंवा कंचे काढताना परत टाकून नीट हलवायचं, एवढंच पथ्य. परत न टाकता काढायचे प्रश्न या वयात सोडून द्या.

आता मूळ प्रश्न, पावसाचा. 'पाऊस पडला' म्हणजे काय ते आधी ठरवा. चार थेंब आले तर? हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. घटना नेमकी सांगितल्याशिवाय तिची संभाव्यता विचारताच येत नाही, आणि हे शिकवायला पावसाइतकं चांगलं उदाहरण नाही. मग जुलैचा आणि मेचा महिना शेजारी ठेवा. दोन्हीकडे निष्पत्ती दोनच, पण दोन्हीकडे १/२ आहे असं नागपुरातलं कुठलंच मूल म्हणणार नाही. जुलैभर वर्गात तक्ता लावून ३१ पैकी पावसाचे दिवस मोजा. बातमीतला '७० टक्के' असा अंदाज आला की सांगा: ज्या ज्या दिवशी असा अंदाज दिला जातो, त्यांपैकी दहातल्या सुमारे सात दिवशी पाऊस पडायला हवा. एका दिवसावरून अंदाज बरोबर की चूक हे ठरत नाही.

शाळेच्या फाटकातून, आतच उभं राहून, १०० गाड्यांच्या पाट्या लिहून काढणं हेही असंच. आद्याक्षरांनंतर ३१, ४९ की ४०, म्हणजे शहराचा पश्चिम भाग, पूर्व भाग की ग्रामीण, हा एक रकाना. आणि क्रमांकाचा शेवटचा अंक हा दुसरा. पहिल्यात तीन प्रकार असूनही १/३ येणार नाही, आणि शाळा पूर्वेकडच्या नंदनवनात आहे की पश्चिमेकडच्या धरमपेठेत यावर ते बदलेल. दुसऱ्यात दहा अंक जवळपास सारखे विखुरतात. एकाच पाटीवर समसंभाव्य आणि असमसंभाव्य दोन्ही. हे सहाव्या तासाला ठेवा.

पत्त्यांची गणितं दहावीत येतात, तिथेच राहू द्या. कित्येक घरांत पत्ते खेळत नाहीत, आणि इस्पिक-किलवर समजावण्यात तास जातो. वर्गात पैज किंवा पैसे कुठल्याही रूपात आणू नका, गंमत म्हणूनसुद्धा. फाशाच्या 'मूळ संख्या पडण्याची संभाव्यता' सारख्या प्रश्नात मूल १ ला मूळ संख्या धरून ४/६ लिहितं. ती संख्याज्ञानाची चूक आहे, तिचे गुण संभाव्यतेतून कापू नका.

चाचणीत तीन गुणांचा एक प्रश्न खोडरबराचा ठेवा, पण वर्गात टाकलेल्याचा नाही. नवा, तिरक्या कडांचा द्या: 'याच्या सहा बाजूंवर १ ते ६ लिहिले. ४ पडण्याची संभाव्यता किती, आणि ती कशी काढाल?' १/६ ला शून्य. 'बाजू सारख्या नाहीत, म्हणून सांगता येत नाही' याला एक. 'टाकून पाहावं लागेल' याला दोन. आणि जे मूल किती वेळा टाकायचं, कसं नोंदवायचं हे सांगून उत्तराआधी 'सुमारे' लिहील, त्याला तीन.